लायनीतली झोप

आमच्या बेटावर लबासाच्या साखर कारखान्यासमोर ऊस भरून उभ्या राहणाऱ्या ड्रायव्हरांत बिसुनदेवइतका बिनघोर झोपणारा माणूस मी पाहिला नाही. बुटका, पोटाने गोल, डोकं टेकलं की घोरणारा. आडवं होण्याआधी एकच विचारायचा, "लंबू, जागा आहेस ना?" मी हो म्हटलं की किल्ली लॉरीतच ठेवून हा सावलीला पसरायचा.

किल्ली गाडीत ठेवायची ही आमची रीतच होती. लाईन कधी दहा तास खायची, कधी वीस. मजुरी खेपेवर, थांबण्याचा एक सेंट नाही. कारखान्याचं यंत्र बिघडणार आणि उपाशी आम्ही राहणार! म्हणून पुढचा झोपला तर मागच्याने त्याची लॉरी पुढे सरकवायची. बिसुनची मी सरकवायचो. माझ्या लांब पायांसाठी सीट मागे ओढायचो आणि तशीच विसरून यायचो.

"लंबू, क्लच दाबायला घरून काठी आणू का?" तो रोज करवादायचा.

एका हंगामात जोसेफाने सगळ्यांना यांगोनाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाच्या, घमेल्याभोवती बसवलं. जोसेफा आमचा पुढारी. "थांबण्याचे पैसे कबूल करेपर्यंत एकही लॉरी वजनकाट्यावर चढणार नाही," तो म्हणाला. "एक गेला, की सगळं गेलं." आम्ही शपथ म्हणून टाळ्या वाजवून करवंट्या रिकाम्या केल्या. आणि खरंच, दोन दिवस एक चाक हललं नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, कारखान्याचा साहेब संध्याकाळी बोलायला येतो आहे.

त्या दुपारी लायनीत पहिली लॉरी बिसुनची, दुसरी माझी. तो दुकानामागे झोपलेला, बाकीचे घमेल्याशी, मी माझ्या सीटवर पेंगत होतो. फाटकावरचा माणूस ओरडला, "चला, पुढचा!"

मी उठलो. म्हणजे हातपाय उठले, डोकं मागेच राहिलं. बिसुनच्या लॉरीत चढलो, सीट ओढली, गाडी काट्यावर नेली. ब्रेक दाबला तेव्हा जाग आली. भिंतीच्या बाजूने उतरलो आणि ट्रॉल्यांच्या आड गेलो.

"बिसुन गेला रे!" मागे ओरडा झाला. मग कोण कुणाचं ऐकतो? सगळ्यांचाच ऊस वाळत होता. बिसुन धावत आला, लॉरी मागे घ्यायला आत चढला. तोवर मागे चार लॉऱ्या लागल्या होत्या. सगळ्यांनी त्याला सीटवर पाहिलं. संध्याकाळी साहेब काही आला नाही.

"मी नाही नेली रे!" तो सांगत राहिला. जोसेफाने त्याची करवंटी उचलली आणि पालथी घातली; घमेल्याशी त्याला आता जागा नव्हती.

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर तिथेच मान खाली घालून उभा. मी बोलायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. भित्रा आहे मी, दुसरं कारण नाही.

त्या दिवसापासून त्याची लॉरी कुणी सरकवली नाही. मीही नाही. बावीस हंगाम तो स्टिअरिंगशी ताठ बसून असायचा, तोंडावर बाटलीतलं पाणी मारत. थांबण्याचे पैसे आम्हाला आजतागायत मिळालेले नाहीत.

गेल्या महिन्यात मधुमेहाने त्याचा डावा पाय गेला. भेटायला गेलो.

"नेमका क्लचचा गेला बघ," तो हसला.

मला हसू येईना. "बिसुनभाऊ, त्या दिवशी तुझी लॉरी मी नेली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"आत चढलो तर पाय क्लचला पोचेना. सीट पार मागे. लायनीत एवढ्या तंगड्या दुसऱ्या कुणाच्या होत्या?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

मी रडलो. त्याने रडू दिलं. मग उशी नीट केली आणि कूस वळवली.

"जरा पडतो मी. लंबू, जागा आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. तो लगेच घोरायला लागला.