आपांनी काढलेलं दार

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या कढईत लसूण होता. पलीकडे त्यांचा भाचा रडत होता आणि मी नुसतं ‘हां… हां’ म्हणत झारा हलवत राहिले. लसूण करपला असता तर आपा उठून बसल्या असत्या आणि आधी मला शिव्या दिल्या असत्या. घाणा काढला, गॅस बंद केला, आणि मग कारखान्यातल्या आम्ही सगळ्याजणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

सांगलीत जैनबआपांचा भडंगाचा छोटा कारखाना आहे. त्या गेल्या त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे चांगलंच बोलायचे, पण जाता जाता एखादा हळूच म्हणायचा, “बाई सोन्यासारखी, पण धंद्यात भोळी. माणसं शिकवून सोडून दिली.” मला हे ऐकवत नाही. भोळी? आपा? ओले चुरमुरे घेऊन त्यांच्याकडे यायची कुठल्या व्यापाऱ्याची छाती नव्हती.

मी मूळची माण तालुक्यातली. लग्न होऊन सांगलीत आले, ती आधी दुसऱ्या एका कारखान्यात लागले. तिथे मसाला मिसळायची वेळ झाली की मालक आम्हाला बाहेर काढायचे आणि आतून कडी लावायचे. भाजायचं आम्ही, तळायचं आम्ही, गिऱ्हाईक वाखाणायचं तेही आमच्या हाताला, आणि मसाल्यापुरत्या मात्र आम्ही चोर! उन्हात पायरीवर बसून त्या कडीचा आवाज ऐकायचा. मी काम सोडलं तेव्हा मालक सांगत सुटले, पगारासाठी गेली. पगार आपांकडेही तेवढाच होता.

आपांकडे पहिल्याच दिवशी मसाल्याची वेळ झाली तशी मी सवयीने उठून निघाले. आपा म्हणाल्या, “आगं, कुठं निघालीस? हिकडं ये, तिखट कमी वाटतंय का बघ.” त्या खोलीला दारच नव्हतं. आपांनी ते काढून दोन पिंपांवर आडवं टाकलं होतं, वर स्टीलचा पत्रा ठोकला होता आणि त्यावरच मसाला मिसळायच्या.

पुढे सगळं गोडगोड झालं असं नाही. आमच्यातली सगळ्यात हुशार सुनंदा सगळं शिकून कराडला गेली, स्वतःचं दुकान टाकलं आणि आमचीच दोन मोठी गिऱ्हाइकं पळवली. आपा चार दिवस धुमसत होत्या. भाचा म्हणाला, “आता तरी दार बसवूया.” तशा त्या कडाडल्या, “एक गेली म्हणून ह्या ऱ्हायलेल्यांना चोर ठरवू व्हय रं? आन् तिच्यात दुकान टाकायची धमक आली, ती काय कडी लावून आली आसती?” पुढच्याच आठवड्यापासून त्यांनी प्रत्येकीला अधूनमधून एक घाणा आपल्या मनाने करायला लावला. माझं जास्त लसणाचं भडंग आज आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं. मलाही बाहेरून बोलावणी आली. नाही गेले मी. कशाला जाऊ?

आपांचा चाळीसावा दिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी भाचा सुताराला घेऊन आला. वाईट नाही तो, आणखी कुणी सुनंदासारखी जाईल म्हणून घाबरलाय. मला म्हणाला, “मावशी, उद्यापासनं मसाला मीच मिसळतो. दार बसवून घेऊया.”

“बसव की बाबा,” मी म्हणाले, “पन मग लसूण बी तूच तळ. आमी आता पायरीवर बसनार न्हाई.”

माझ्यामागे सगळ्याजणी येऊन उभ्या राहिल्या. मी मसाल्याचं घमेलं उचललं आणि त्या दारावर पालथं केलं. भाचा सुताराला म्हणाला, “चहा घ्या आन् जावा.”

आपांनी दार काढलं, पण त्याची कडी काढायची राहूनच गेली. ती अजून खालच्या अंगाला लोंबते. मसाला मिसळायला वाकलं की मांडीला लागते.

लागू दे.