न पाहिलेला क्लच

“रफीकभाई, गाडी चढावर उभी आहे आन् हलूनच नाही राहिली. जळल्यासारखा वास येऊन राहिला.”

फोन डॉ. नलिनी वानखडे यांचा होता. मे महिना, सकाळचे अकरा. मॅडम अमरावतीच्या उड्डाणपुलावर, मी अकोल्यात माझ्या गॅरेजमध्ये.

“स्क्रीनवर काय दिसते, मॅडम?”

“N. मी पहिला गिअर टाकते, तो पुन्हा N वरच जाते.”

“इंजिन बंद करा. आता काहीच दाबू नका. चार माणसांले सांगा, मागं ढकलत पुलाखाली उतरवा. ब्रेकवर पाय ठेवून बसा. मी निघालो.”

फोन ठेवला आणि मला काळजी लागली. गाडी बंद पडली म्हणून नाही. गाड्या बंद पडतात, त्यावरच माझं घर चालतं. पण ही गाडी दोन महिन्यांपूर्वी मीच तपासली होती, आणि “घ्या” असं मीच सांगितलं होतं.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. इटालियन होती, एवढं पुरे. चौदा वर्षांची, दोन दारांची, गडद निळी. अशा गाडीला ग्रँड टूरर म्हणतात. म्हणजे शर्यतीचं इंजिन, पण बसायला चामड्याच्या खुर्च्या. एका दमात चार-पाचशे किलोमीटर जावं आणि उतरल्यावर कंबर दुखू नये, यासाठी बनवलेली. नवी असताना बंगल्याच्या भावात मिळते. जुनी झाली की भाव धपकन पडतो, कारण ती घेणं सोपं आणि सांभाळणं अवघड.

मॅडम भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टर. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी अमरावती, अचलपूर, तिवसा अशा फेऱ्या मारल्या. हॉस्पिटल दुसऱ्याचं, पेशंट दुसऱ्याचा, यांनी फक्त धावत पोचायचं. त्यांच्या तीन छोट्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. साठी उलटल्यावर काम कमी केलं आणि एक दिवस मोबाइलवर या गाडीचा फोटो दाखवला.

“मॅडम, ही कायले? सुखाची जर्मन घ्या.”

“आजवर जेवढी गाडी चालवली ना, ती कोणाच्या तरी जिवासाठी चालवली,” त्या म्हणाल्या. “घाईत. रस्त्याकडं कधी पाह्यलंच नाही. आता मले माह्यासाठी चालवायची आहे. तुमी फक्त सांगा, गाडी चांगली आहे का नाही.”

गाडी पुण्यात एका बांधकामवाल्याकडे होती. मी तिथे जाऊन दिवसभर तपासली. मीटर लावून रंगाची जाडी मोजली, म्हणजे ठोकून रंगवलेली आहे का ते कळतं. थंड इंजिन सुरू करून आवाज ऐकला. खालून तेलगळती पाहिली. सगळं उत्तम. राहिला क्लच.

हे थोडं समजावून सांगतो. या गाडीला क्लचचं पेडल नाही. स्टीअरिंगच्या मागे दोन पाती असतात, ती बोटाने ओढली की गिअर बदलतो. त्यामुळे लोकांना वाटतं ही ऑटोमॅटिक आहे. तशी ती नाही. आत साधीच क्लच प्लेट असते, फक्त ती पायाऐवजी तेलाच्या दाबाने दाबली जाते. प्लेट किती झिजली हे गाडीचा कॉम्प्युटर टक्क्यांत सांगतो. त्यासाठी स्कॅनर जोडावा लागतो.

मी स्कॅनर जोडला. इंजिन वाचलं, ब्रेक वाचले. गिअरबॉक्सशी मात्र त्याचं बोलणंच होईना. माझा स्कॅनर त्या गाडीची भाषाच जाणत नव्हता. मालकाने फाइल पुढे केली. तिच्यात एका वर्कशॉपचा कागद होता. क्लच बदलला, झीज वीस टक्के.

मी कागद वाचला आणि मान हलवली. मॅडमना फोन करून सांगितलं, “सगळं पाह्यलं. क्लच नवा आहे. घ्या.”

क्लच मी पाहिलेला नव्हता. तसं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. का नाही सांगितलं? अकोल्याच्या मिस्त्रीला पुण्याला पाठवून असली गाडी तपासायला देतात, आणि तो म्हणणार, माझं मशीन चालत नाही? जीभ रेटली नाही. एवढंच कारण.

पुलाखाली पोचलो तेव्हा मॅडम एका प्लायवूडच्या दुकानात पंख्याखाली बसल्या होत्या. चेहरा लालबुंद. दुकानदाराने थंड पाणी दिलं होतं. गाडीभोवती पंधरा-वीस माणसं फोटो काढत होती.

“काय झालं सांगा. पहिल्यापासून.”

“पुढं एक ट्रक होता, चढावर रुकत रुकत जाऊन राहिला होता. मी त्याच्या मागं. मग वास आला, मग स्क्रीनवर काहीतरी पेटलं.” त्या थांबल्या. “माह्यं काही चुकलं का?”

“गॅरेजमध्ये खोलून पाहतो, मग सांगतो,” मी म्हणालो.

अशी गाडी दोरीने ओढता येत नाही. सपाट पाठीच्या ट्रकवर चढवावी लागते. नाक इतकं खाली की फळीवर चढतानाच घासतं. त्याच दुकानदाराने प्लायचे तुकडे दिले, ते एकावर एक रचून चढ कमी केला. पाऊण तास लागला. मॅडम उन्हात उभ्या राहून प्रत्येक इंच बघत होत्या. मी दोनदा सावलीत बसा म्हटलं, ऐकलं नाही.

क्लच खोलायला दोन दिवस गेले. या गाडीचा गिअरबॉक्स पुढे इंजिनाजवळ नसतो, मागच्या चाकांपाशी असतो. वजन दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून. मधे एक जाड नळी, आणि क्लच इंजिनाच्या पाठीला. म्हणजे क्लचपर्यंत पोचायचं तर सायलेन्सर काढा, मागचं सगळं उतरवा, नळी मागे सरकवा. मी प्रत्येक नट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घेत होतो.

प्लेट हातात आली आणि मी स्टुलावर बसलो. जळून निळी झालेली होती, ते अपेक्षितच होतं. पण प्लेटचं अस्तर धरणारे रिव्हेट, म्हणजे खिळे, वर आले होते. नव्या प्लेटमध्ये रिव्हेट खोल असतात. ते पृष्ठभागाला आले म्हणजे प्लेट संपली. कडेला कारखान्याने कोरलेलं वर्ष होतं. गाडी बनली तेच वर्ष. म्हणजे क्लच कधी बदललाच नव्हता. कोणीतरी कॉम्प्युटरला फक्त “नवा बसवला” असं सांगून आकडा मागे नेला असणार. माझा स्कॅनर चालला असता तरी त्याने मला तोच खोटा आकडा दाखवला असता.

हे लक्षात आल्यावर आधी मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, पण मला हे त्या दिवशी कुठे माहीत होतं? मी तर मशीनवर आकडाही वाचला नव्हता.

पुण्याच्या एका जुन्या सोबत्याला प्लेटबद्दल विचारायला फोन केला. तो हसला. “चालवणारी बाई आहे ना? मग ड्रायव्हिंग फॉल्ट लिही आणि मोकळा हो. कोण विचारतंय?”

कोणी विचारलंच नसतं, हे खरं होतं.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. सोबत मुलगा अनिकेत. बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आईची गाडी बंद पडल्याचं ऐकून आला होता. त्याने लिफ्टवर टांगलेली गाडी पाहिली, खाली चादरीवर मांडलेले सुटे भाग पाहिले आणि आईकडे वळला.

“आई, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. ही गाडी तुझ्या वयाला झेपणारी नाही.” मग मला म्हणाला, “काका, स्पष्ट सांगा. हिच्या चालवण्यामुळेच क्लच गेला ना? म्हणजे एकदाचं विकून टाकू.”

मॅडम चादरीपाशी गेल्या होत्या. जळकी प्लेट उचलून बघत होत्या. ऑपरेशन थिएटरमध्ये न डगमगणारी बाई, पण त्या वेळी परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखी उभी होती. मी नुसतं “हो” म्हटलं असतं तरी ते साफ खोटं ठरलं नसतं. आणि त्यांनी पुन्हा कधी त्या स्टीअरिंगला हात लावला नसता.

“क्लच आधीच संपलेला होता,” मी म्हणालो. “बदललाच नव्हता. कागद खोटा होता.” आणि पुढचं एका दमात बोलून टाकलं. “आन् मॅडम, मी क्लच तपासला नव्हता. माह्यं मशीन त्याले वाचू शकलं नाही. मी कागद वाचला आन् तुमाले सांगतलं की पाह्यलं.”

अनिकेतचा आवाज चढला. “म्हणजे न बघता तुम्ही आईला गाडी घ्यायला लावली?”

“हो.”

“हो काय! वीस वर्षं ही तुमच्यावर विश्वास ठेवते...”

“अनिकेत, थांब.” मॅडमनी प्लेट खाली ठेवली. “रफीकभाई, मी नीट चालवली असती तर हा किती चालला असता?”

“दोन-तीन महिने. फार तर.”

“आन् पुलावर मी काय चुकीचं केलं?”

“चढावर ब्रेक सोडून हलका रेस देऊन गाडी धरून ठेवली. जुन्या गाडीत पायाखाली क्लच असते, जळला तर पायाले कळते. इथं कळत नाही.”

“म्हणजे दोघंही चुकलो.” त्या स्टुलावर बसल्या. “मी नवीन होते तेव्हा एक पेशंट आला होता, हर्नियाचा. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागते. फाइलवर लिहिलं होतं, उपाशी. मी ते वाचलं आन् भूल दिली. त्यानं सकाळी चहा-बिस्किट खाल्लं होतं. उलटी झाली, ती फुप्फुसात गेली. तीन दिवस मी त्याच्या खाटेपासून हलले नाही. वाचला तो. त्या दिवसापासून पेशंटले वेगळं विचारते, नातेवाइकाले वेगळं विचारते. फाइल त्याच्यानंतर पाहते.”

 मग त्या म्हणाल्या, “तेव्हा माह्या सरांनी मले काढून नाही टाकलं. चौथ्या दिवशी पुन्हा थिएटरात उभं केलं. आता सांगा, प्लेट कवा येते?”

मी मजुरी घेणार नाही म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. अनिकेतने मात्र जाताना माझ्याशी हात मिळवला नाही, आणि त्याचं त्या दिवशी काही चुकलं असं मला वाटत नाही.

विकणाऱ्या बांधकामवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, कागद जसा मिळाला तसा दिला. त्याच्याशी भांडायला मॅडमनी नकार दिला. प्लेट बाहेरदेशाहून यायला पाच आठवडे लागले. बसवल्यावर पुण्याच्या त्याच सोबत्याला लॅपटॉप घेऊन बोलावलं. नवी प्लेट नेमकी कुठे पकडते हे कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, ते काम त्याने केलं. आकडा शून्य आला. या वेळी प्लेट माझ्या हातांनी बसवलेली होती.

मग मी एक अट घातली. गाडी न्यायच्या आधी चार रविवार शिकायचं. अकोल्याबाहेर एका जिनिंगचं मोठं आवार आहे, हंगाम नसला की रिकामं असतं. तिथे कापूस उतरवायचा सिमेंटचा उतार आहे. मॅडम सकाळी सातला अमरावतीहून त्यांच्या छोट्या गाडीने यायच्या. मी बाजूला बसायचो.

“रांगायचं नाही. पुढची गाडी दहा फूट जाऊ द्या, मग एकदाच जा. उभं राहायचं तर N. चढावर हँडब्रेक.”

“आन् गिअर बदलताना?”

“रेसवरचा पाय जरासा उचला. तुमी मास्कमधून हवा देता ना, पेशंटच्या श्वासाच्या लयीत? तसं. गाडीच्या दमानं.”

हे त्यांना चटकन कळलं. तिसऱ्या रविवारी त्या उतारावर सहा वेळा थांबून निघाल्या, एकदाही वास आला नाही. सातव्यांदा मला न विचारता गेटबाहेर पडल्या आणि पातूर रोडला लागल्या. रस्ता मोकळा होता. त्यांनी पातं ओढलं, इंजिनाचा आवाज भरून आला, आणि बाई मोठ्याने हसल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, त्यांचं हसणं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

याला आता दोन वर्षं झाली. गाडी लाडाची आहे, त्रासाचीही आहे. आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून घरी चार्जर लावून ठेवतात. स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात आतल्या बटणांवरचा रबरी थर वितळून गुळासारखा चिकट झाला, ती सगळी काढून मी हाताने साफ केली. वर्षात दोनदा तरी ती माझ्याकडे येते. गेल्या खेपेला क्लचची झीज अकरा टक्के होती. तो आकडा मी स्वतः वाचला, नव्या स्कॅनरने. दिवाळीत अनिकेत आला होता. आईच्या शेजारी बसून चिखलदऱ्यापर्यंत जाऊन आला आणि परतताना गॅरेजवर थांबून माझ्यासोबत चहा प्यायला. विकण्याचा विषय निघाला नाही.

मी अजूनही जुन्या गाड्या तपासायला जातो. माझ्या छापील फॉर्मवर “ठीक” आणि “खराब” असे दोन रकाने असायचे. आता तिसरा आहे, “पाहिलं नाही”. गेल्या महिन्यात मूर्तिजापूरच्या एका गिऱ्हाइकाने त्या रकान्यातल्या तीन खुणा पाहिल्या आणि विचारलं, “हे तुमाले येत नाही का मग?”

“नाही येत,” मी म्हणालो.

तो दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला. जाऊ दे.