एडीवाले सर

दर जुलैत शाळा उघडली की पहिल्याच तासाला सर डावा बूट काढत, मोजा काढत, पाय खुर्चीवर ठेवत आणि टाचेवर खडूनं फुली मारत. "देखो, अंग्रेजी में आदमी की कच्ची जगह को अकिलीस की एडी कहते हैं. क्यों?" मग गोष्ट सुरू होई. ग्रीक आईनं बाळाला अमर करण्यासाठी पाताळातल्या नदीत बुडवलं, पण ज्या टाचेला धरलं होतं तेवढी कोरडी राहिली. पुढे बाण लागला तो तिथंच. उज्जैनच्या पोरांनी त्यांचं नाव एडीवाले सर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. मधली भिंत नुसत्या फळ्यांची, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

कुणी इंग्रजी वाक्प्रचार वापरला की सर विचारत, "ह्याचं गाव कोणतं?" एकदा हेडमास्तर बैठकीत म्हणाले, "उगीच पँडोराची पेटी उघडू नका." सर तिथल्या तिथे म्हणाले, "पेटी नव्हे साहेब, रांजण होता. भाषांतर करणाऱ्यानं घोळ घातला." हेडमास्तरांसकट सगळे हसले.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, तेव्हा शाळेच्या पाटीवर मध्यभारत आलं. ती पाटी रंगवताना पाहून सर मला म्हणाले, "सिसिफस ठाऊक आहे ना? धोंडा डोंगरावर चढवायचा, तो खाली येतो, पुन्हा चढवायचा. ह्या पेंटरला चहा पाजा." तेव्हा त्यांचा आवाज असा खेळकर असे.

त्यांना एकच मुलगा, वसंता. कॉलेजात होता. एका मे महिन्यात मित्रांबरोबर क्षिप्रेवर पोहायला गेला आणि डोहात बुडाला. आम्ही घाटावर पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. सर त्याच्या पायांशी बसले होते. रडत नव्हते. मला म्हणाले, "हिला घरी घेऊन जा. ऊन फार आहे." मी वहिनींना टांग्यात बसवलं. फ्रीगंजातल्या त्यांच्या घरी नेऊन सोडलं.

जुलैत शाळा उघडली. सर दुसरं काहीतरी शिकवतील असं मला वाटलं होतं. भिंतीपलीकडे बूट काढल्याचा आवाज आला. मी फळ्यावर लिहीत होतो, ते थांबवलं. त्यांनी गोष्ट सांगितली, तीच, त्याच शब्दांत, नदीसकट. आवाज सपाट होता, हजेरी घेतल्यासारखा. देवासहून नवीनच आलेल्या एका मुलानं विचारलं, "सर, माँ हाथ छोड़ देती तो?"

पलीकडे बूट पुन्हा चढवल्याचा आवाज आला.

"तो बह जाता," सर म्हणाले. "आगे लिखो."

मधल्या सुटीत त्यांनी नेहमीसारखा चहा घेतला. मला काहीतरी विचारायचं होतं. काय, ते आता आठवत नाही.

त्याच वर्षी पुन्हा राज्य बदललं. भोपाळ राजधानी झाली आणि सरांच्या तिथल्या बदलीचा हुकूम आला. दोन वर्षांवर पेन्शन आलेली. अर्ज केला असता तर बदली थांबली असती. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यांनी केला नाही.

देवास गेटच्या मोटारस्टँडवर मी सोडायला गेलो. वहिनी आधीच गाडीत बसल्या होत्या, समोरच्या सीटकडे बघत. मी खाली उभा राहून म्हणालो, "सर, अजून अर्ज करता येईल. सगळा जन्म इथं गेला तुमचा."

"भोपाळला नदी नाही म्हणतात," ते म्हणाले. "तलाव आहे. हिला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, चालेल." मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. "बरंय. या तुम्ही. तुमचा तास असेल."

तास होताच. मोटार सुटली आणि मी शाळेकडे चालू लागलो. वर्गात गेलो, बीजगणित शिकवलं. भिंतीपलीकडे सरांचा वर्ग मोकळा होता, पोरं गोंगाट करत होती. त्यांना गप्प करायला मी गेलो नाही.