पाच आकडे आणि पंचवीस मिनिटं

कॅप्टन स्वेन गेले तेव्हा मी मस्कतच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर चहाच्या रांगेत उभा होतो. वर आलो तर नर्सने पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला होता. त्यांची मुलगी मेटे तेव्हा विमानात होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली आणि वडिलांचा देह घेऊन डेन्मार्कला परत गेली. तीन आठवड्यांनी तिची ईमेल आली. त्यात एकच प्रश्न होता: शेवटच्या दुपारी बाबा माझ्याबद्दल काही बोलले का? आता खरं सांगायचं तर त्या दुपारी कॅप्टननी मला बरक्याच्या बाजारात सुरमईचा काय भाव चाललाय ते विचारलं, खोलीतल्या एसीला शिव्या घातल्या आणि डोळे मिटले. मुलीचं नाव घेतलं नाही. मग मी खाली गेलो, ती पंचवीस मिनिटं... त्यांचं मला काहीच ठाऊक नाही. मस्कतमधल्या अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको म्हणाली, "अहो, लिहा ना, तुझं नाव घेतलं म्हणून. त्या पोरीला तेवढंच बरं वाटेल. कोणाचं काय जातंय?" मी ते वाक्य टाइप केलंही होतं. मग पुसलं. का पुसलं, ते सांगायला मला मस्कतजवळच्या बरका गावाच्या किनाऱ्यावर जावं लागेल.

कॅप्टननी उभी हयात डेन्मार्कच्या नौदलात काढली होती. ग्रीनलंडच्या बर्फाळ खाड्यांचे नकाशे केले, निवृत्तीनंतर भूगोल शिकवला, आणि ज्या वयात माणसं कुंड्यांना पाणी घालतात त्या वयात हा गृहस्थ ओमानचा उथळ समुद्र मोजायला आला. मी त्यांच्या हाताखालचा सर्व्हे असिस्टंट. गुहागरजवळच्या कोळी घरातला, आडनाव तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, हे कळल्यावर ते म्हणाले, मग या बोटीवर दोन कॅप्टन झाले, जपून राहायला हवं. आमच्या घरी सोलकढीचे तीन ग्लास रिचवून, हे आमच्या नौदलात मिळत असतं तर मी निवृत्तच झालो नसतो, असंही म्हणाले होते. एरवी मात्र स्तुतीच्या बाबतीत माणूस भलताच कंजूष. चार वर्षांत मला एकदाही 'छान' म्हणाले नाहीत.

बरक्याला मच्छीमारांसाठी धक्का बांधायचा होता, त्याआधी तळ कुठे किती खोल आहे ते मोजायचं काम आमच्याकडे आलं. बोटीतून खोली मोजायची, पण भरती-ओहोटीने पाणी सारखं वरखाली होतं, म्हणून किनाऱ्यालगत पाण्यात आकड्यांची उभी पट्टी रोवलेली असते. तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं आणि तेवढं खोलीतून वजा करायचं. एरवी हे काम यंत्र करायचं, त्या आठवड्यात ते बिघडलं होतं, म्हणून पट्टीपाशी मी. कॅप्टन बोटीवर, सुकाणूवर रत्नागिरीचे इस्माईलचाचा. साडेनऊच्या सुमारास बाजारात सुरमईचा लिलाव सुरू झाल्याचा गलका ऐकू आला. घरात पाहुणे यायचे होते आणि मी कोकणातला माणूस... गेलो. परत आलो तेव्हा पाच नोंदी हुकल्या होत्या. मी दोन मिनिटंही विचार केला नाही. भरतीचं पाणी मला कोण शिकवणार? जन्मापासून बघतोय. पाच आकडे झरझर भरून टाकले.

संध्याकाळी कॅप्टननी वही बघितली आणि त्या पाच आकड्यांवर पेन्सिल टेकवली. म्हणाले, "तांडेल, सकाळी वारा होता. वरचे सगळे आकडे अडखळतायत, खालचेही. हे पाचच कसे शहाण्यासारखे चढतायत?" मग त्यांनी विचारलं, इथे काय लिहायला हवं होतं? मला माहीत नाही, मी म्हणालो. "हेच. माहीत नाही म्हणून जागा कोरी सोडायची. तुझ्या या आकड्यांवर भरवसा ठेवून उद्या कोणीतरी रात्री होडी आणेल."

त्या पाऊण तासापायी सबंध दिवसाचं काम बाद झालं. कॅप्टन मला पाठीशी घालतील असं वाटलं होतं, पण छे. अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, तूच जाऊन सांग, म्हणाले. ऑफिसबाहेर इस्माईलचाचा उभे होते, "खलास, आता अर्बाब तुला पयल्या विमानात घालतो बघ." मी आत जाऊन सगळं सांगितलं. अर्बाबने माझा पासपोर्ट मागवलाच होता, तेवढ्यात कॅप्टन आत आले आणि म्हणाले, यानेच बिघडवलेलं काम उद्या हाच पुन्हा करेल, मी त्याच्याशेजारी उभा राहीन, हा गेला तर मीही जातो.

आणि खरंच उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, टळटळीत उन्हात, डोक्यावर माझाच पंचा. इस्माईलचाचा दुसऱ्या मदतनीसासोबत बोटीवर गेले आणि आम्ही दोघं पट्टीपाशी. दर दोन नोंदींच्या मधल्या वेळात कॅप्टन बोलत राहिले, आणि दिवसभर बोलले ते फक्त मेटेबद्दल. ती पोहायला शिकली तेव्हा ते ग्रीनलंडला होते, बायकोने पत्रात ते कळवलं. "मी बघितलं नाही," म्हणाले, "पण ते पत्र मला पाठ आहे." आणि त्यांनी ते मला म्हणून दाखवलं, आधी डॅनिशमध्ये, मग इंग्रजीत. मध्येच घड्याळ बघून थांबले, आकडा लिहायला लावला, आणि तुटलेल्या वाक्यापासून पुढे सुरू केलं.

हे सगळं मी मेटेला लिहिलं. सुरमई, वहीतले खोटे आकडे, पंचा, पत्र. शेवटी लिहिलं की त्या दुपारी मी असेपर्यंत त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही, आणि नंतरच्या पंचवीस मिनिटांचं मला माहीत नाही, मी चहा आणायला गेलो होतो, त्याबद्दल मला माफ करा. पाठवल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मलाही अपराध्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मेटेने लिहिलं होतं, "गेले तीन आठवडे सगळे मला त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं सांगतायत. तुम्ही चहाला गेल्याचं लिहिलंत, म्हणून ते पत्र त्यांना पाठ होतं यावर माझा विश्वास बसला."

मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि शेवटची ओळ तिने मला पुन्हा वाचायला लावली.