कोरियन मॅडमचं रडणं

कोरियन मॅडमला हवं तेव्हा एकाच डोळ्यातून पाणी काढता यायचं. कॅमेरा ज्या बाजूला, त्या डोळ्यातून. हे मला उशिरा कळलं. शारजातल्या माझ्या पडद्यांच्या दुकानात ती पहिल्यांदा आली, तेव्हा घासाघीस करता करता तिचा डावा डोळा भरून आला, आणि सख्ख्या मेहुण्यालाही शिलाई न सोडणारा मी तिला शिलाई फुकट देऊन बसलो. आठवड्याने तिला दुकानात बघून माझी मुलगी कानात म्हणाली, "बाबा, शी इज फेमस. शी इज ॲन ॲक्ट्रेस." माझं डोकंच फिरलं. मी मॅडमला तोंडावर विचारलं, त्या दिवशीचं रडणं खरं की खोटं? ती शांतपणे म्हणाली, "पाणी खरं होतं."

तरी ती येत राहिली. पडदे घ्यायला कमी, काउंटरवर असणाऱ्या माझ्या बायकोशी, हेमाशी, मोडक्या इंग्रजीत बोलायला जास्त. विशीत ती मालिकांची नायिका होती, मग दोन सिनेमे, मग लग्न. नवऱ्याची बदली दुबईला झाली आणि तिथल्या मरीना भागातल्या उंच फ्लॅटमध्ये तिची सहा वर्षं गेली. "तिकडे कोरियात आता मला मावशीचंच काम देतात," ती सांगायची, "तेही मावशी आजारी असेल तर."

एकदा ती धावतच आली. तिकडच्या एका दिग्दर्शकाने दोन दिवसांत एक प्रसंग मोबाइलवर चित्रित करून मागवला होता. बायको कामाला निघते, नवरा अडवतो. पडद्यावर फक्त तिचा चेहरा. नवऱ्याचा नुसता आवाज. तिचा स्वतःचा नवरा अबुधाबीला साइटवर, आणि इमारतीतल्या शेजाऱ्यांना म्हणे रागावताच येईना. "तू तुझ्या भाषेत बोल," ती मला म्हणाली. "तुला राग आणावा लागत नाही."

हेमाने मोबाइल धरला. मी तिच्या बाजूला उभा राहून सुरू केलं. "हौस आहे नोकरीची? मुलीला कोण बघणार? तुझ्या पगारावर चालत नाही हे घर. गप बस घरात." शब्द शोधावे लागले नाहीत. आठ वर्षांपूर्वी हेमाला इथल्या शाळेत नोकरी मिळत होती, तेव्हा मी हेच बोललो होतो. मॅडम रडली, या वेळी दोन्ही डोळ्यांतून. हेमाने मोबाइल खाली ठेवला. "ह्यांना काही शिकवावं लागलं नाही," एवढंच म्हणाली.

मॅडमला काम मिळालं, तेही नायिकेचं. निरोप घ्यायला आली तेव्हा हेमापुढे कमरेत वाकली, बराच वेळ वाकूनच राहिली. मला मात्र दारातून हात हलवला. "यल्ला, बाय." म्हणजे अरबीत 'चला, येते', बस. दुकान माझं, घसा माझा, आणि मान हेमाला? हा राग माझा अजून गेलेला नाही. हेमाला विचारलं तर म्हणते, "ओरडत तुम्ही होतात, पण ती माझ्याकडे बघून रडत होती." याचा अर्थ मी अजून नीट लावू शकलेलो नाही.

पुढच्याच महिन्यात हेमाने अल मजाजजवळच्या एका शाळेत अर्ज दिला. आता ती सकाळी साडेसहाला निघते. मी अडवलं नाही. जे बोलायचं, ते मी कॅमेऱ्यासमोर बोलून बसलो होतो.