हात झटकतेस का गं?

हलिमाबाई माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी हात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. खोपोलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे छोटी खोली होती, तिथे दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या दहिवलीहून यायच्या. दारात मी चपलांचे पट्टे सोडत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "डाव्या हातानं सोडतेस. उजवा झोपतो वाटतं?" मी तोंड उघडेपर्यंत माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. "सकाळी उठलीस की हात झटकतेस का गं?" मी दचकलेच. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. साजगावच्या एका कारखान्यात आम्ही अकरा जणी पंख्यांच्या मोटारींवर तांब्याची तार गुंडाळायचो. दिवसभर उभं राहून, मनगट वाकवून. माझा अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर व्हायला लागली होती. चहाचे दोन कप हातातून पडून फुटले. सासूबाईंनी तर जाहीरच केलं, "हिच्या हातावरनं वारं गेलं." मी टेंपररी होते, आणि फेब्रुवारीत मला कायम करणार असं कानावर होतं. घरात कायम नोकरीचं दुसरं कुणीच नव्हतं. हात दुखतो हे शेडमध्ये कळलं असतं, तर फेब्रुवारी माझ्यासाठी उजाडलाच नसता.

"वारंबिरं काय नाय," बाई म्हणाल्या. "वारं गेलं असतं तर करंगळी कशी जागी राहिली? कर उलटा नमस्कार." दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली सोडून उभं राहायचं, हा त्यांचा उलटा नमस्कार. मिनिटभरात माझ्या बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. "हितं मनगटात अरुंद बोळ हाय. त्यातनं नऊ दोरे जातात आन एक वायर. दोरे सुजले की वायर दबते. तू वायरवालीच ना? मग तुला मी काय शिकवू!"

खोलीत त्या स्वतः एका जागी बसल्याचं मला आठवत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात व्यायामोपचाराचं शिक्षण घेऊन तिथेच नोकरीला लागल्या होत्या, पण साहेबाशी भांडून परत आल्या. अंगानं काटकुळ्या. डोक्यावरचा पदर सारखा घसरायचा आणि त्या सारखा ओढायच्या. पातेल्यात मेण वितळवता वितळवता शेजारच्या म्हाताऱ्याचा गुडघा वाकवायच्या, मधेच खिडकीतून रस्त्यावरच्या मासेवालीला ओरडायच्या, "अगं, पाटी त्या हातावर नको!" आणि मला मात्र सांगायच्या, "हाताला विसावा दे गं." यांना विसावा कोण देणार, असं वाटायचं.

त्यांचे उपाय साधे होते. खोक्याची पातळ फळी, तिच्यावर कापूस, वरून पट्टी, आणि झोपताना ती मनगटाला बांधायची म्हणजे झोपेत मनगट वाकत नाही. कोमट वितळलेल्या मेणात हात पुन्हा पुन्हा बुडवायचा, मेणाचा मोजा चढला की टॉवेलात गुंडाळून बसायचं. मग व्यायाम. बोटं ताठ म्हणजे 'शपथ', नुसती पेरं वाकवली की 'विळा', मग 'मूठ', मग बोटं ताठ ठेवून मुळातून वाकवली की 'छप्पर'. "शपथ, विळा, मूठ, छप्पर! सावकाश! भात झोडायला नाय आलीस!" तीन आठवड्यांत सकाळी हात झटकायची गरज कमी झाली. मी खूश होते. बाई नव्हत्या.

"मी अर्धा तास सोडवते, तू आठ तास बांधतेस," त्या म्हणाल्या. "टेबल किती उंच हाय तुमचं?" मी छातीजवळ हात नेऊन दाखवला. बाईंनी कपाळावर हात मारला. "पायाखाली एकेक फळी दिली तरी मनगट सरळ राहील. एक फळी हाताला, एक पायाला. सांग तुज्या साहेबाला." मी नुसतीच मान हलवली. सांगणार कोण होतं?

मी सांगत नाही हे त्यांनी ओळखलं असणार. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाई थेट आमच्या शेडमध्ये उभ्या. गेटवरच्या वॉचमनचा धरलेला खांदा त्यांनीच मोकळा केला होता, त्यामुळे त्यांना अडवणार कोण! सुपरवायझर डबा खात होते. बाईंनी त्यांना नमस्कार केला, टेबलाची उंची हातानं मापली आणि आमच्याकडे वळून विचारलं, "सकाळी उठल्यावर हात कोण कोण झटकतं? करा वर."

एकही हात वर झाला नाही. दहा जणी डब्यात बघत होत्या. आणि मी? माझ्या मनगटावर रात्रीच्या पट्टीचा वळ होता. मी तो पदराखाली घेतला. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली. फेब्रुवारीला तीन आठवडे होते. त्या क्षणी मला बाईंचा रागच आला होता, हेही कबूल करते.

"बघा बाई," सुपरवायझर म्हणाले, "आमच्याकडे कुणाला काही होत नाही. उगाच बायकांच्या डोक्यात भरवू नका. ही आमची जबाबदारी नाही."

"साहेब, या हात झटकतात आन तुमीपन हात झटकता," बाई म्हणाल्या. "यांच्यावर माज्याकडं इलाज हाय." आणि आल्या तशा तरातरा निघून गेल्या.

शुक्रवारी मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन त्यांच्या दारात गेले. वाटलं, आता हाकलून देतील, आणि द्यावंच. बाई पातेल्यात मेण ढवळत होत्या. "आलीस? दे हात." एवढंच. व्यायाम चुकवल्याबद्दल मात्र भरपूर शिव्या खाल्ल्या. पुढच्याच आठवड्यात कारखान्यातून डॉक्टरांकडे निरोप गेला आणि डॉक्टरांनी बाईंना खोली सोडायला सांगितलं. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी मला नवी फळी बांधून दिली. त्यांना खोली का सोडावी लागली हे मला ठाऊक होतं, आणि मी चकार शब्द काढला नाही. फेब्रुवारीत मी कायम झाले. सही करताना हात जराही थरथरला नाही.

दोन वर्षांनी माझ्या शेजारी तार गुंडाळणाऱ्या सुशीलाला कामावरून काढलं. तिच्या हातून मोटारी पडायला लागल्या होत्या. मी तिला घेऊन दहिवलीला बाईंच्या घरी गेले. ओटीवर तेच पातेलं, तोच घसरता पदर. बाईंनी सुशीलाचा अंगठा चाचपला आणि पहिल्यांदाच मी त्यांना खाली बसलेलं पाहिलं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा पार बसला होता. "हे आता फळीनं भागायचं नाय," त्या हळूच म्हणाल्या. "मुंबईला नेऊन मनगटातला बोळ कापून मोकळा करून घ्यावा लागेल. दोन वर्सांपूर्वी आली असती तर..."

माझ्यानं राहवेना. "बाई, त्या दिवशी मी हात वर केला नाही."

"म्हाईत हाय. तुज्या मनगटावर माज्याच पट्टीचा वळ होता. मला दिसत नव्हता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्या एकदम उठल्या, मेणाखालचा स्टोव्ह बारीक केला आणि विचारलं, "बाकीच्या नऊ जणींचं काय?"

नऊ जणींबरोबर मी रोज जेवत होते, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची म्हैस व्याली, सगळं मला ठाऊक होतं. त्यांच्या हातांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला तो दहिवलीनंतरचा सोमवार आठवतो. जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझर समोर डबा खात असताना, बाई उभ्या राहिल्या होत्या त्याच जागी मी उभी राहिले. "सकाळी उठल्यावर हात कोण कोण झटकतं?" मी विचारलं. सगळ्यांनी डब्यात बघितलं. माझा हात बाईंच्या फळीनं दोन वर्षांपूर्वीच बरा झाला होता, पण मी तो पहिला वर केला आणि तसाच धरून ठेवला. कितीतरी वेळानं मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.