ब्रेकचा नट

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते फॉर्मवरच. गॅसचा फॉर्म, रेशनचा, माझ्या शिष्यवृत्तीचा. पप्पा सही करतात, बाकीचं मी भरतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मला लिहिता येतं असा घरच्यांचा समज आहे. तो फारसा खरा नाही. पानभर लिहून झालं की मला वाटतं, हे मागितलं कुणी होतं? तरी लिहितोय, कारण हीच गोष्ट तोंडानं सांगायला मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परत आलो.

आम्ही मोशीत राहतो. पप्पा लातूरकडून इथं आले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. ते चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर आहेत. आमच्याकडे शंभर सीसीची जुनी मोटारसायकल आहे, तीच त्यांची शिफ्टची गाडी.

मोशीकडून चाकणला जाताना इंद्रायणीच्या पुलाकडं रस्ता उतरतो. तिथं पप्पा गाडी न्यूट्रल करतात आणि चावी बंद करतात. पेट्रोल वाचतं. ते एकटेच असं करत नाहीत. पहिल्या शिफ्टच्या वेळी त्या उतारावर आठ-दहा गाड्या आवाज न करता शेजारी शेजारी घरंगळत असतात आणि माणसं तेवढ्यात एकमेकांशी बोलून घेतात. कुणाची बदली झाली, कुणाला ओव्हरटाइम लागला, सगळं पुलापर्यंत. मला गाडी शिकवताना पप्पांनी गेअरच्या आधी हे शिकवलं होतं. "उताराला इंजिन चालू ठेवतो तो येडा," असं ते म्हणायचे. मी ते पाठ केलं होतं.

गाडीचं काम आम्ही एकाच मिस्त्रीकडं करायचो. आळंदी रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तेही आमच्याच जिल्ह्यातले. पप्पा त्यांना मिस्त्री म्हणायचे, ते पप्पांना भाऊ म्हणायचे आणि मी त्यांना काका म्हणायचो. माणूस गप्पिष्ट. कार्बोरेटर साफ करताना ते गावातल्या तीन पिढ्यांच्या भानगडी सांगत. पण ब्रेकचं काम हातात घेतलं की एकदम गप्प. समोरच्यालाही बोलू द्यायचे नाहीत. कुणी बोललंच तर पाना खाली ठेवून त्याच्याकडं बघत बसायचे, तो थांबेपर्यंत. त्यांची ही सवय सगळ्यांना माहीत होती आणि लोक तिची टिंगलही करायचे. "हळू बोला, मिस्त्रींची पूजा चाललीय."

गेल्याच्या गेल्या वर्षी, गणपती झाल्यावर, माझ्या मित्राला मी म्हणालो की भीमाशंकरला जाऊ. तो चिखलीच्या जुन्या घरातला. त्यांच्या शेतावर आता सोसायट्या आहेत आणि दारात दोन मोठ्या गाड्या. दोन वर्षं मी त्याच्याच गाडीवर मागं बसून हिंडलो होतो. एकदा तरी त्याला माझ्या मागं बसवावं असं मला वाटायचं. गुरुवारी पप्पांची सुट्टी, गाडी घरीच. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी ती मिस्त्रींकडं नेली. मागचा ब्रेक लागत नव्हता, आतल्या घासायच्या पट्ट्या, म्हणजे लायनर, नवे टाकायचे होते.

"उद्या कुठं दौरा?" त्यांनी विचारलं.

"भीमाशंकर."

"दर्शनाला का फोटोला?"

"दोन्ही."

"फोटो आधी काढ. देव कुठं जात नाही."

मग त्यांनी चाक खोललं आणि मी सवयीनं गप्प बसलो. पण त्या दिवशी नियम त्यांनीच मोडला. त्यांची मुलगी दहावीला होती. पुढं कॉमर्स बरं की आर्ट्स, फॉर्म कुठं भरायचा, दाखले कोणते लागतात, हे सगळं त्यांनी मला विचारलं, आणि मीही मोठ्या ऐटीत सांगत राहिलो. ते मान हलवत ऐकत होते. चाक बसवलं, ब्रेकच्या रॉडला स्प्रिंग घातली, नट आवळला. आवळताना मी पाहिलं आहे. हे मला इथं लिहून ठेवायचं आहे: नट त्यांनी आवळला होता.

सकाळी आम्ही निघालो. राजगुरुनगर सोडल्यावर ट्रक संपले. धरणाचं पाणी उजवीकडं डावीकडं होत राहिलं. वाडा गावाच्या पुढं रस्ता चढायला लागला तसं आमचं बोलणं कमी झालं. दोन्ही बाजूंना सोनकी फुलली होती. पिवळी म्हणजे किती पिवळी, ते मला सांगता येत नाही. ढग रस्त्यावरून चालत होते. वळणावर ते अंगावर यायचे आणि निघून गेले की खाली भाताची खाचरं दिसायची, एकाखाली एक, पाण्यानं भरलेली. आमची गाडी दुसऱ्या गेअरवर धापा टाकत चढत होती आणि मित्र मागून तिला शाबासकी देत होता. "चल माझी बाय, आजून थोडं." मी इतका खूश क्वचितच झालो असेन. हे लिहायचीही मला लाज वाटते, कारण तो रस्ता आठवला की आजही आधी बरंच वाटतं. बाकीचं नंतर आठवतं.

दर्शन झालं, फोटो झाले, भजी खाल्ली. परतीला घाटाचा उतार लागला तसं मी न्यूट्रल केलं आणि चावी बंद केली.

थोडा वेळ मित्राच्या लक्षात आलं नाही. वाऱ्याचा तेवढा आवाज होता. पाखरं ऐकू यायला लागली. मग तो म्हणाला, "गाडी बंद पडली का काय?"

"बंद केलीय. उतार आहे ना."

"आरं भावा, घाट हाय ह्यो. मोशीचा उतार न्हाई."

"काही होत नाही. रोज करतो."

"रोज पुलापत्तूर करतो. हितं पूल कुठंय?"

मी हसलो. त्याला गाडीतलं कळतं आणि मला कळत नाही असं व्हायला मला नको होतं. हात आणि पाय दोन्ही ब्रेकवर दाबून ठेवून मी वळणं घेत राहिलो. काही वेळानं त्यानं विचारलं, "वास कसला येतोय रं?" मी म्हणालो, कुणीतरी टायर जाळत असेल. त्या डोंगरात टायर कोण जाळणार, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

पुढच्या वळणाला मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, पण गाडीचा वेग कमी झाला नाही. पुढचा ब्रेकही तसाच. चावी चालू करून गेअर टाकावा हे मला सुचलंच नाही. गाडी कठड्याला घासत गेली, कठडा संपला तिथं रस्ता ओलांडून डोंगराच्या बाजूच्या चरात पडली. मित्र माझ्या डोक्यावरून पुढं गेला. त्याचा उजवा हात कोपराजवळ मोडला. माझ्या गुडघ्याला सात टाके पडले. कठड्याच्या पलीकडं काय होतं ते आम्ही दोघांनी नंतर उभं राहून पाहिलं आणि परत येऊन बसलो.

एका जीपवाल्यानं आम्हाला दवाखान्यात आणलं. तिथं पप्पा आले, मित्राचे वडील आले. पप्पांनी मला हात लावून पाहिलं आणि विचारलं, "ब्रेक लागला नाही?"

"नाही लागला."

"कालच केला ना मिस्त्रीकडं?"

इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो. मित्राचे वडील माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "नट पडला असेल. पाय एकदम खाली गेला."

मित्र पलीकडच्या खाटेवर होता. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा छताकडं बघायला लागला.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. भीतीनं निघालेला एक शब्द, असं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून गाडी आली आणि मी लंगडत खाली गेलो. नट जागेवर होता, घट्ट. पप्पा आंघोळीला गेले होते. टूलकिटमधला पाना घेऊन मी नट काढला आणि गल्लीच्या टोकाच्या नाल्यात टाकला. हे मी घाबरून केलं असं मला म्हणवत नाही. पाना पुसून मी परत जागेवर ठेवला.

पप्पा मला घेऊनच मिस्त्रींकडं गेले. त्यांच्या हातात ब्रेकची ती नट नसलेली रॉड होती.

"मिस्त्री, ह्याचा नट कुठं हाय?"

काकांनी रॉड घेतली, आटे पाहिले. "लावला होता, भाऊ."

"मग गेला कुठं, उडून? लेकरू दरीत गेलं असतं माझं. त्या दुसऱ्याच्या लेकराचा हात मोडला. त्याच्या बापाला काय तोंड दाखवू?"

"लावला होता," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी जरा हळू. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, यांना कळलं. मला वाटलं, बरं झालं. पण ते माझ्याकडं बघत नव्हते, आठवत होते.

"त्या दिवशी मी बोलत बसलो होतो," ते म्हणाले. "ह्याला कालेजचं विचारत होतो." रॉड त्यांनी पप्पांच्या हातात परत दिली. "चुकलं माझं, भाऊ. आवळायचा राहिला असेल."

आणि मला विचारलं, "गुडघ्याला काय म्हणाला डॉक्टर?"

पप्पांनी गाडी दुसरीकडं टाकली. तिथला मिस्त्री म्हणाला, लायनर जळालेत, कुणी घातले? घाटभर मी ब्रेक दाबून धरला म्हणून ते जळाले होते; खरं तिथंच उघडं पडलं होतं. पण पप्पांना वाटलं, मालही हलका घातला. कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांनी ते सांगितलं. आमच्या भागातली बरीच माणसं त्याच कंपनीत आहेत आणि सगळ्यांच्या गाड्या काकांकडंच जायच्या.

प्लास्टर निघाल्यावर मित्र एकदाच बोलला. "मी कुनाला सांगनार न्हाई. पन तू सांग." त्यानंतर त्यानं विषय काढला नाही.

मी गेलो होतो. परीक्षा झाल्यावर, दुपारी. शेडमध्ये एकही गाडी नव्हती. काकांनी मला बघितलं आणि घाईनं स्टूल पुसून दिलं. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनी आतून मुलीची गुणपत्रिका आणली. तिला अकरावीला प्रवेश घ्यायचा होता. मी त्यांच्या मोबाईलवर तिचा फॉर्म भरला. त्यांनी चहा मागवला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगितलं, "हे आमच्याकडचं पोरगं. तेरावीला हाय." मी चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्यांदा मी पप्पांना सांगायला गेलो. ते सेकंड शिफ्टला निघाले होते, बूट घालत होते. मी म्हणालो, "पप्पा, त्या दिवशी घाटात गाडी बंद होती."

"बंद पडली व्हती?"

एका शब्दाचा फरक होता. दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. त्यांच्याच शिकवणीनं झालं हे त्यांना कळेल, असं मनात आलं, आणि त्यांच्यासाठीच गप्प बसतोय असं मी स्वतःला सांगितलं.

"हो," मी म्हणालो.

"म्हणजे बघ, काहीच धड केलं नव्हतं त्यानं," असं म्हणून ते गेले.

नंतर रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि ती शेडची रांग गेली. काका कुठं गेले ते मी दोन-तीन जणांना विचारलं. कुणी म्हणालं गावी, कुणी म्हणालं चाकणकडं. मला माहीत नाही असं समजून राहणं सोयीचं होतं. सापडले की सांगेन, असं मी ठरवलं होतं.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या पार्किंगमध्ये मित्र भेटला. गाडीवरून न उतरताच म्हणाला, "तुझा मिस्त्री घावला. म्हाळुंग्याला हाय. बोर्डावर नाव बघितलं, म्हणलं त्योच असनार."

"बोललास?"

"मी कोन ते त्याला काय ठावं? गिऱ्हाईक म्हणून गेलो. म्हणलं मागचा ब्रेक जरा आवळून द्या. तर म्हणला, बाकी काय बी सांगा. ब्रेकचं काम मी घेत न्हाई, फुडच्या चौकात जा."

"का?"

मित्रानं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं.

"मी बी तेच इचारलं. म्हणला, एकदा माझ्या हातनं नट ढिला राह्यला व्हता."